अब्बांची ऊंट-मकडी

आम्ही लहान असताना आमच्या घरात फोन नव्हता, पण टेपरेकॉर्डर होता. तळ्यातल्या आमच्या मोहल्ल्यात असे टेपरेकॉर्डर बऱ्याच घरांत होते. घरातला कर्ता माणूस सौदीला, कुवेतला नाहीतर मस्कतला असायचा. कुणी सुटीवर गावी यायला निघाला की त्याच्या हाती कॅसेट दिली जायची. दादीला वाचता येत नव्हते, त्यामुळे अब्बांचे पत्र आले तर ते दुसऱ्याने वाचून दाखवावे लागे. कॅसेटमध्ये मात्र अब्बा थेट तिच्याशी बोलत. आम्ही सगळे चटईवर बसून ऐकायचो.

अब्बा १९८६ साली सौदी अरबला गेले आणि २०१२ साली कायमचे परत आले. तिकडे ते रस्ते बांधणाऱ्या एका कंपनीत रोलर चालवत. मुक्काम अल-हसाच्या बाजूला, हुफूफ शहरापासून दूर, उघड्या वाळवंटातल्या कॅम्पमध्ये. दोन वर्षांतून एकदा ते दोन महिन्यांसाठी येत. आम्हाला अब्बा कळले ते बहुतेक कॅसेटमधूनच.

त्यातली १९९७ सालची एक कॅसेट आमच्या पक्की लक्षात आहे, कारण तीत ऊंट-मकडी होती. "बेटा, इथे एक जनावर आहे," अब्बा सांगत होते. "मकडीसारखं दिसतं, पण ताटाएवढं. दहा पाय. वाऱ्यासारखं धावतं आणि माणसाच्या मागे लागतं. आपण पळालो तर तेही पळतं, आपण थांबलो तर तेही थांबतं. झोपलेल्या उंटाचं पोट फाडतं म्हणतात." आम्ही त्या वेळी आठ वर्षांचे होतो. कितीतरी रात्री आम्ही पाय पोटाशी घेऊन झोपलो. पण दुसऱ्या दिवशी तीच कॅसेट पुन्हा लावा म्हणून अम्मीच्या मागे लागायचो. वर्गात आमचा भाव वाढला तो त्याच मकडीमुळे. इतर मुलांचे अब्बा नुसती चॉकलेटे पाठवत. आमचे अब्बा राक्षसाशी लढत होते.

पुढे आम्ही बी.एड. केले आणि उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवू लागलो. पाचवी ते आठवीला सायन्स आणि कधी मराठी. वर्गात गोंगाट झाला की आम्ही अब्बांची मकडी बाहेर काढायचो. थोडे मीठ-मसाला आम्हीही घातला. मुले गप्प बसत. त्यांच्यापैकी अर्ध्याहून अधिक मुलांचे वडील, मामा किंवा भाऊ आजही आखातात आहेत, त्यामुळे गोष्ट त्यांना घरची वाटे. शेवटी आम्ही सांगायचो, "आपल्या कोकणात असलं काही नाही. इथे आपला बिच्छू असतो, पण तो एवढासा." आणि बोटाने माप दाखवायचो.

त्या बोटाची आठवण आम्हाला आजही बरी वाटत नाही.

२०२२ च्या जून महिन्यातली गोष्ट. पहिला पाऊस होऊन चार दिवस झाले होते. शाळा नुकतीच सुरू झाली होती. रात्री इशाच्या नमाजनंतर आमच्या दारात माणसे आली. सहावीतला एक मुलगा त्यांच्या खांद्यावर होता. अंगातला सदरा घामाने भिजून चिकटलेला, हातपाय बर्फासारखे थंड, दोनदा उलटी झालेली. संध्याकाळी पडवीतले सरपण आत आणताना त्याच्या बोटाला काहीतरी चावले होते. त्याने घरी कुणाला सांगितले नाही. घाम फुटला तेव्हा सांगितले.

आमच्याकडे त्याला आणले ते आम्ही शिकलेले म्हणून, आणि शेजारी रिक्षा उभी असते म्हणूनही. पण आमच्याकडे येण्यापूर्वीच कुणीतरी मनगटाला दोरी बांधली होती आणि मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गांना विंचू उतरवण्यासाठी बोलावणे गेले होते. ते आले, पुटपुटले, फुंकर मारली, पुन्हा पुटपुटले. बुजुर्ग माणूस, नीयत चांगली. आम्ही हात बांधून उभे होतो. हे थांबवून मुलाला आधी दवाखान्यात न्यायला हवे हे आम्हाला कळत होते. पण मोठ्यांसमोर तोंड उघडवेना. साधारण वीस मिनिटे गेली असतील. बी.एड.चा कागद भिंतीवर होता आणि आम्ही त्याच भिंतीला टेकून उभे होतो.

मग मुलाला खोकला सुरू झाला, तेव्हा आम्ही त्याला उचलले आणि रिक्षात घातले. माणगावला पोचेपर्यंत तो शुद्धीवर होता. आम्ही त्याला बोलते ठेवण्यासाठी विचारले, "चावल्याबरोबर का नाही सांगितलंस?" तो म्हणाला, "सर, तो छोटासा होता. तुमच्या गोष्टीतल्यासारखा मोठा नव्हता."

तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, "किती वाजता चावला?" आमच्यापैकी एकालाही नक्की सांगता आले नाही. त्यांनी नाडी पाहिली, रक्तदाब घेतला, छातीला नळी लावली आणि एक गोळी दिली. रात्रभर थोड्या थोड्या वेळाने तपासत राहिले. पहाटे मुलाचे हातपाय उबदार झाले. डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, तुमचं नशीब की तुम्ही रायगडात आहात. या गोळीचा शोध परदेशात लागला असेल, पण विंचवाला ती कशी द्यायची हे जगाला महाडनं शिकवलंय."

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर हे नाव आम्ही ऐकून होतो. पण त्यांनी नेमके काय केले हे त्या रात्रीनंतर मुद्दाम वाचले. मूळचे जालना जिल्ह्यातले हे डॉक्टर १९७६ साली महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचू चावलेली धडधाकट माणसे आणि मुले त्यांच्यासमोर काही तासांत दगावत होती. वेदनेने नव्हे, तर हृदय थकून आणि फुप्फुसांत पाणी भरून. त्यांनी रुग्णाच्या उशाशी बसून एकेका लक्षणाची नोंद केली. प्रचंड घाम, थंड हातपाय, उलट्या या खुणा हृदयावरच्या संकटाची आगाऊ सूचना देतात, हे त्यांनी १९८२ साली लंडनच्या 'लॅन्सेट'मध्ये मांडले. विंचवाचे विष शरीरातली ताण वाढवणारी संप्रेरके एकदम सोडते, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदयावर भार पडतो. मग त्या रक्तवाहिन्या सैल करणारे औषध का देऊ नये? रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी, स्वस्त गोळी त्यांनी वापरली. पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह त्यांनी लिहिलेला प्राझोसिनवरचा लेख १९८६ साली 'लॅन्सेट'मध्येच आला. पुढे प्रतिविषाची जोड मिळाली. दोन्ही एकत्र दिल्यास रुग्ण अधिक लवकर सावरतो, हा त्यांचा अभ्यास २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आला. पूर्वी गंभीर विषबाधा झालेल्या शंभरांपैकी पंचवीस-तीस जण जात. ते प्रमाण अगदी थोड्यावर आले. २०२२ सालीच डॉक्टरांना पद्मश्री मिळाली. आमचा मुलगा वाचला तेही त्याच वर्षी.

एवढे मोठे काम आमच्याच जिल्ह्यात झाले, आणि आम्ही वर्गात विंचवाला "एवढासा" म्हणत होतो. विंचवांतही मोठ्याला भिण्याची आपल्याकडे रीत आहे. जाडजूड नांग्यांची काळी इंगळी दिसली की अख्खा वाडा गोळा होतो. वास्तविक ज्याच्या पुढच्या नांग्या जाड त्याचे विष बहुधा सौम्य, कारण तो भक्ष्य नांग्यांनीच दाबून मारतो. ज्याच्या नांग्या बारीक आणि शेपटी जाड, त्याला विषाचाच आधार. लाल विंचू असा आहे. चिऱ्यांच्या फटीत, कौलांखाली, पेंढ्यात, सरपणात तो राहतो आणि उकाड्यात व पहिल्या पावसात बाहेर पडतो.

मग आम्ही ठरवले की त्या दुसऱ्या जनावराचीही चौकशी करायची. आपण वीस-पंचवीस वर्षे ज्याचे नाव घेतो, तो प्राणी आहे तरी काय?

पहिली गोष्ट कळली ती ही की ऊंट-मकडी मकडी नाही. विंचूही नाही. आठ पायांच्या त्याच मोठ्या कुळातली, पण वेगळी शाखा. इंग्रज तिला वाऱ्याचा विंचू म्हणतात, सूर्यकोळी म्हणतात, उंटकोळीही म्हणतात. अरब तिला शबथ म्हणतात. शास्त्रज्ञांनी दिलेल्या लॅटिन नावाचा अर्थ मात्र 'सूर्यापासून पळणारे' असा आहे. जगात हिच्या हजाराहून अधिक जाती आहेत; ऑस्ट्रेलिया सोडून बहुतेक सगळ्या कोरड्या मुलखांत. आपल्या देशात थरच्या वाळवंटात, गुजरातेत आणि दख्खनच्या कोरड्या भागातही तिचे भाऊबंद आहेत. आमच्या ओल्या तळ्यात ती आम्ही कधी पाहिली नाही.

अरबस्तानातल्या जातीचे धड दोन-अडीच इंचांचे, पाय पसरले तर तळहाताएवढी. ताटाएवढी नाही. पाय दहा दिसतात, पण खरे आठच. पुढची जोडी म्हणजे चाचपण्याचे अवयव. त्यांच्या टोकाला चिकटून धरणारी गादी असते, तिच्या साहाय्याने ती काचेवरही चढते आणि भक्ष्य ओढून घेते. मागच्या पायांच्या खाली पंख्यासारखे नाजूक अवयव असतात. त्यांनी ती जमिनीचा जणू वास घेते. तोंडापुढे कात्रीसारखे दोन जबडे. शरीराच्या मानाने एवढे मोठे जबडे फार थोड्या प्राण्यांना असतात. ते एकमेकांवर घासले की किरकिर आवाज येतो. मोठ्या ऊंट-मकडीने चावा घेतला तर रक्त निघेल, जखम होईल. पण विष नाही. १९७८ साली भारतातल्या एका जातीत विष असल्याचा दावा एका शोधनिबंधात झाला होता, तो त्यानंतर कुणालाही पुन्हा सिद्ध करता आलेला नाही. विषाची कुपी नाही आणि डंखही नाही. आहे ते जबडे आणि वेग. तिचा वेग ताशी सोळा किलोमीटरच्या आसपास सांगितला जातो, म्हणजे आमच्या जुन्या सायकलएवढा.

दिवसभर ती दगडाखाली किंवा बिळात असते. रात्री बाहेर पडते आणि वाळवी, भुंगेरे, लहान पाली, जे सापडेल ते खाते. विंचूसुद्धा खाते. पोट फुगून चालता येईना इतके खाते, कारण वाळवंटात पुढचे जेवण कधी मिळेल याचा भरवसा नाही. तिला स्वतःला घुबडे, कोल्हे खातात. दिव्याखाली येते ती दिव्यावरच्या किड्यांसाठी. मादी बीळ खोदून त्यात अंडी घालते. आयुष्य साधारण वर्षभराचे. उंटाच्या पोटाशी तिचे काही देणेघेणे नाही. २००४ साली इराकमधल्या सैनिकांचा एक फोटो जगभर फिरला, त्यात दोन ऊंट-मकड्या एकमेकींना चिकटून लटकलेल्या आणि कॅमेऱ्याच्या अगदी जवळ धरलेल्या होत्या, म्हणून माणसाच्या मांडीएवढ्या दिसत होत्या. तोच फोटो आमच्या एका विद्यार्थ्याने आम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवला होता आणि आम्ही तो कौतुकाने पुढे धाडला होता.

आणि ती माणसाच्या मागे का धावते? इथे आम्ही वाचता वाचता थांबलो. उन्हात बिळाबाहेर पडावे लागले तर तिला सावली हवी असते. उघड्या वाळवंटात झाड नाही, भिंत नाही. असते ती उभ्या माणसाची सावली. माणूस घाबरून पळतो, सावलीही पळते, आणि ती बिचारी सावलीमागे धावते. माणूस थांबला की ती सावलीत थांबते. अब्बांनी कॅसेटमध्ये पाहिलेले बरोबर सांगितले होते. अर्थ तेवढा उलटा लागला होता.

आम्ही हे सगळे अब्बांना सांगायला गेलो. अब्बा आता सत्तरीच्या पुढे आहेत. ओट्यावर आरामखुर्चीत बसून तळगडाकडे बघत असतात. आम्ही थोडे तोऱ्यातच म्हणालो, "अब्बा, तुमची ऊंट-मकडी विषारी नाही. ती कुणाला मारत नाही."

"मला माहीत आहे," अब्बा म्हणाले.

आम्ही गप्प झालो.

"सव्वीस वर्षं होतो तिथे," ते म्हणाले. "कॅम्पात कुणाला चावल्याचं मी पाहिलं नाही. दुपारी आम्ही रोलरच्या खाली सरकून पडायचो. दुसरीकडे सावली कुठे होती? तीही यायची. एका बाजूला आम्ही चार माणसं, एका बाजूला ती. सुरुवातीला मारायचो. मग सोडून दिलं. तिलाही ऊन लागत होतं."

"मग कॅसेटमध्ये तसं का सांगितलंत?"

अब्बा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "दुसरं काय सांगणार होतो? लोखंडाला हात लागला की कातडी सुटते, ते सांगू? बरोबरचा एक पोरगा उन्हानं पडला तो उठलाच नाही, ते सांगू? अम्मा ऐकत बसलेली, तुझी अम्मी ऐकत बसलेली. तुम्ही पोरं. मकडीचं सांगितलं की तुम्ही हसायचात, घाबरायचात, पुन्हा लावा म्हणायचात. बरं वाटायचं."

अम्मी आतून लसूण सोलत ऐकत होती. ती तिथूनच म्हणाली, "मला तेव्हाच ठाऊक होतं. सुटीवर आलात तेव्हा तुमच्या पाठीची सालं मीच तेल लावून काढली होती. मकडीनं कुणाची पाठ अशी होत नाही." अब्बांनी तिच्याकडे बघितले आणि मान खाली घातली. दोघांच्या संसारात ही गोष्ट बहुधा पहिल्यांदाच मोठ्याने बोलली गेली.

आमच्या आखाताविषयी आपण पुष्कळ लिहितो. आलेला पैसा, बांधलेले बंगले, बंद पडलेली भातशेती, एकट्या पडलेल्या बायका. हे सगळे लिहिले गेले, आणि लिहायला हवेच होते. पण आमच्या वडिलांच्या पिढीने तिकडचे ऊन घरापर्यंत येऊ दिले नाही, हे आम्हाला एका बिनविषारी किड्यामुळे कळले. जे खरे मारणारे होते त्याचे नाव त्यांनी घेतले नाही. ज्याने काही होत नव्हते त्याचा राक्षस केला आणि तो आम्हाला खेळायला दिला. आता सौदीत उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत दुपारी बारा ते तीन उघड्यावर काम घेण्यास मनाई आहे. अब्बा गेले तेव्हा असले काही नव्हते.

अब्बांना आम्ही दोष देत नाही. त्यांनी खोटे सांगितले ते घरच्यांना झोप लागावी म्हणून. आमचे तसे नव्हते. आम्ही शिकलेले, आमच्या हातात पुस्तक होते. आम्ही तीच गोष्ट वर्गात सांगितली ती मुले गप्प बसावीत म्हणून, आणि एका मुलाची भीती चुकीच्या जागी नेऊन ठेवली. माणसाला भीती असतेच. ती कशाची बाळगायची हे शिकवणे एवढेच शिक्षकाचे काम, आणि तेच आमच्याकडून राहिले होते.

दुसऱ्या आठवड्यात तो मुलगा शाळेत आला. आम्ही सहावीच्या वर्गासमोर उभे राहून आधी कबूल केले की सरांनी तुम्हाला चुकीचे सांगितले होते. मुलांना ते फार आवडले. सर चुकले हे ऐकायला कुणाला आवडत नाही? मग फळ्यावर दोन चित्रे काढली. एक मोठे, एक लहान. मोठ्याखाली लिहिले, "विष नाही. सावली शोधते." लहानाखाली लिहिले, "विष आहे. चावला की लगेच सांगा. किती वाजले ते बघा. थेट दवाखाना." दोरी बांधायची नाही, चिरा द्यायचा नाही, घाम फुटायची वाट बघायची नाही, हे मुलांकडून तीनदा म्हणवून घेतले. दुआ करायला कुणाची ना नाही, पण ती रिक्षात बसून करता येते, हेही सांगितले. तो बुजुर्गांचा नातू पहिल्या बाकावर बसतो. त्याने ते घरी सांगितले असणार. आता विंचू चावलेला कुणी त्यांच्याकडे आला तर बुजुर्ग स्वतःच म्हणतात, आधी माणगावला जा, मी इथून पढतो.

झोपण्याआधी बिछाना झटकून घ्यावा, आपल्या मागे त्यावर काय येऊन बसले असेल ते आपल्याला ठाऊक नसते, अशी शिकवण हदीसमध्ये आहे. आमच्या दादीला ती पाठ होती आणि ती चादर रोज झटकायची. आम्ही ती पाठ केली, झटकायचे मात्र सोडून दिले होते.

आमच्या वर्गाबाहेर चपला-बुटांची रांग असते. पावसाळ्यात शाळा सुटली की मुले आता चपला उचलतात, उलट्या करतात, फरशीवर आपटतात आणि मग पायात घालतात. फार आवाज होतो. शेजारच्या वर्गाचे सर तक्रार करतात. आम्ही त्यांना म्हणतो, "होऊ द्या हो सर."

अब्बांना हे सांगितले तेव्हा ते हसले. म्हणाले, "आम्ही कॅम्पात रोज सकाळी बूट असेच आपटायचो."

"मकडीसाठी?" आम्ही विचारले.

"नाही रे," अब्बा म्हणाले. "बिच्छूसाठी. मकडी असती तर बरं झालं असतं, तिनं बिच्छू खाल्ला असता."